दूध संस्थेचं मॉडेल आवरताना : कामाची वही

सोमवार, २ जून

आजपासून वही लिहायची असं ठरवलंय, कारण मागच्या वेळी कुठला बदल का केला ते तीन आठवड्यांनी मलाच आठवेना आणि जुनियर पोरासमोर नुसतं हं हं करत बसावं लागलं. तर काम असं. आपलं जुनं व्हीबी सिक्स आणि अ‍ॅक्सेसवालं दूध संकलनाचं सॉफ्टवेअर नव्याने लिहायचंय, कोडिंग जुलैत सुरू होणार, आणि ज्याच्यावरून ते लिहायचं ते डिझाइन मॉडेल दोन वर्षांपूर्वी जुना कोड वाचत वाचत काढलेलं आहे. काढणाऱ्यांत मीही होते, त्यामुळे कुणाला शिव्या घालायची सोय नाही.

आज ते ए थ्री कागदावर प्रिंट मारलं. एकाच क्लास डायग्राममध्ये ४१ क्लास (क्लास म्हणजे एका प्रकारच्या वस्तूचा चौकोन, आत तिची माहिती आणि कामं), अक्षर मुंगीएवढं, आणि रेघांचा गुंतवळ असा की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला बोट ठेवून जावं लागतं. मधोमध डेअरीमॅनेजर नावाचा क्लास, ६३ ऑपरेशन्स, म्हणजे कामं. दूध नोंदवा ते यात, पशुखाद्याची पोती मोजा ते यात, वार्षिक सभेची नोटीस छापा तेही यातच. जुनियर म्हणाला ताई हा क्लास नाही, ही गावची चावडी आहे. बरोबर आहे त्याचं.

कोड नाही तोवरच हे आवरायचंय. आत्ता चौकोन हलवायला पाच मिनिटं लागतात, तेच एकदा टेबलं भरली आणि तीन गावांत इन्स्टॉल झालं की मग डेटा मायग्रेशन आलं आणि झोप गेली.

बुधवार, ४ जून

मॉडेल ज्या टूलमध्ये होतं त्याचं लायसन्स संपलंय, एक्सएमआय एक्सपोर्ट (मॉडेल एका टूलमधून दुसऱ्यात न्यायची फाइल) निघाला पण तो दुसऱ्या टूलमध्ये उघडला की निम्म्या रेघा गायब. शेवटी दोन दिवस बसून सगळं हाताने प्लांटयूएमएलमध्ये टाइप केलं, त्यात मजकूर लिहिला की ते चित्र काढून देतं. टेक्स्ट आहे त्यामुळे गिटमध्ये ठेवता येतं, आणि कुठली ओळ कधी बदलली ते दिसतं, मला एवढंच हवं होतं. तोटा एकच, लेआउट त्याच्या मर्जीने चालतो. एक क्लास वाढवला की अख्खं चित्र उलटंपालटं, काल उजवीकडे असलेला सभासद आज डावीकडे कोपऱ्यात. जुनियर बाण वर-खाली करत तासभर त्याच्याशी भांडत होता, मी म्हणलं सोड, आधी आतलं नीट कर, मग बाहेरचं बघू.

टाइप करता करताच एक पॅकेजची, म्हणजे क्लासच्या गटांची, फेरी सापडली. संकलन बिलिंगवर अवलंबून, बिलिंग हिशेबावर, आणि हिशेब परत संकलनावर. ते पुढे बघू.

शुक्रवार, ६ जून

आज काहीच हलवलं नाही. मुद्दाम.

रिफॅक्टरिंग म्हणजे बाहेरचं वागणं तेच ठेवून आतली रचना सुधारायची. विल्यम ओपडाइकने १९९२ साली इलिनॉय विद्यापीठात यावर पीएचडी केली, त्यात प्रत्येक बदलाला आधी अटी लावल्यात, की ही ही अट पाळली तरच वागणं तेच राहील. कोडला निदान टेस्ट असतात, चालवल्या की हिरवं लाल कळतं. आपल्याकडे नुसते चौकोन आणि रेघा. चौकोनाचं वागणं म्हणजे काय? क्लास फोडला आणि आता छान दिसतंय असं दोघांनी म्हणलं की झालं का? मागच्या वेळी हेच केलं होतं आणि छान दिसता दिसता कपातीचा एक अख्खा प्रकार मॉडेलमधून पडला, कुणाला पत्ता नाही.

म्हणून आज दुपारी गाडी काढून संस्थेत गेले. सचिव अण्णा तीस वर्षं तिथे आहेत, त्यांना म्हणलं मला बिलं हवीत, दहा दिवसांची, सगळ्यात सरळ नकोत, ज्यांच्यावरून भांडणं झाली असली द्या. अण्णा हसले, म्हणाले मॅडम मग कपाटच न्या. शेवटी नावं झाकून १२ बिलांच्या झेरॉक्स घेऊन आले. पावत्यांसकट.

ही १२ बिलं म्हणजे आपल्या टेस्ट. प्रत्येक बिल मॉडेलवर ऑब्जेक्ट डायग्राम काढून मांडायचं, हा सभासद, ह्या त्याच्या नोंदी, ही कपात, आणि खाली रक्कम तीच यायला पाहिजे. बदल केला की परत बाराच्या बारा.

सोमवार, ९ जून

सकाळपासून भिंतीवर बिलं चिकटवलीत, ऑफिस की झेरॉक्सचं दुकान कळेना. जुन्या मॉडेलवरच आधी मांडून बघितली आणि मजा म्हणजे १२ पैकी २ मांडताच येईनात.

चौथं बिल, एका घरातनं एकाच पाळीला गाईचंही दूध येतं आणि म्हशीचंही. मॉडेल म्हणतं एका पाळीला एका सभासदाची एकच नोंद. नववं बिल, सभासद एक आणि पैसे जमा होतात बायकोच्या खात्यात. मॉडेलमध्ये खातं सभासदाच्याच पोटात. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही चालतं, म्हणजे मॉडेल काढतानाच आपण चुकलो होतो.

जुनियर लगेच दुरुस्त करायला निघाला, त्याला थांबवलं. ही दुरुस्ती आहे, रिफॅक्टरिंग नाही. दोन्ही एकदम केलं तर उद्या एखादं बिल बिघडलं की कशामुळे ते कळणार नाही. गिटमध्ये दोन ब्रँच, म्हणजे मॉडेलच्या दोन वेगळ्या वाटा, केल्यात, एकीचं नाव आवरणे, दुसरीचं बदल. आवरणेमध्ये असताना १० हिरवी २ लाल, तेवढीच राहिली पाहिजेत. लालची हिरवी झाली तरी कुठेतरी चुकलंय असं समजायचं.

पटेना त्याला. चुकून बरोबर आलं तर काय वाईट ताई? म्हणलं चुकून आलेलं चुकूनच जातं.

मंगळवार, १० जून

वटपौर्णिमा, अर्धा दिवस. तरी एक छान काम झालं.

फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) आणि डिग्री (लॅक्टोमीटरवरचा आकडा) हे त्रिकूट जिथे तिथे एकत्र फिरत होतं. सात ऑपरेशन्सना हे तीन पॅरामीटर, चार क्लासमध्ये साठवायची माहिती म्हणून हेच तीन अ‍ॅट्रिब्यूट. वारीला निघालेल्या दिंडीसारखे, एक दिसला की मागे बाकीचे आलेच. त्यांना बाहेर काढून दूधचाचणी नावाचा क्लास केला. बारा बिलं फिरवली, १० आणि २, सगळं जिथल्या तिथे.

नाव दिल्यावर एक गोष्ट आपोआप वर आली. एसएनएफ काढायचं सूत्र डेअरीमॅनेजरमध्ये लपलं होतं, एकच, ठोकून बसवलेलं. डिग्री भागिले चार, अधिक फॅट गुणिले ०.२, अधिक ०.३६. पण दुसऱ्या गावच्या संस्थेच्या सेटिंगमध्ये फॅटला ०.२५ ने गुणतात आणि वर ०.४४ मिळवतात. दिसायला किरकोळ वाटतं, पण २८ डिग्री आणि ३.८ फॅटचं दूध घेतलं तर पहिल्या सूत्राने एसएनएफ ८.१२ येतं आणि दुसऱ्याने ८.३९. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट ८.५ एसएनएफ धरून ठरतो, त्याच्या खाली किती घसरला त्यावर पैसे कापतात, म्हणजे तेच दूध, तीच गाय, आणि शेतकऱ्याच्या हातात वेगळे पैसे. हे सूत्र चाचणीच्या शेजारी स्वतंत्र काढून ठेवलं, एसएनएफसूत्र असा इंटरफेस (काय करायचं एवढंच सांगणारा, कसं ते अंमल करणारा क्लास ठरवतो) आणि त्याला सध्या एकच अंमल. दुसरं सूत्र बदल यादीत.

गुरुवार, १२ जून

आज माती खाल्ली. सविस्तर लिहिते म्हणजे परत खायला नको.

संकलनाच्या नोंदीत दर नावाचा अ‍ॅट्रिब्यूट आहे. आणि दरपत्रकात पण दर आहे, फॅट एसएनएफ टाकलं की मिळतो. जुनियर म्हणाला ही तर सरळ डुप्लिकेशन आहे, नोंदीतला काढून टाकू, दरपत्रकावरून काढता येतोच की. मला पटलं. यूएमएलमध्ये, म्हणजे हे डायग्राम काढायच्या ठरलेल्या भाषेत, याला सोय पण आहे, नावाच्या आधी तिरकी रेघ मारली की तो अ‍ॅट्रिब्यूट साठवलेला नसून काढलेला असतो. मारली रेघ. डायग्राम स्वच्छ दिसायला लागला, दोघांनी चहा घेतला.

चहानंतर बिलं. सहा झाली, सातवं अडलं. ६५ रुपये कमी.

आधी वाटलं बेरीज चुकली. परत केली, परत ६५. मग पावत्या काढून एकेक नोंद लावली तेव्हा ट्यूब पेटली. त्या दहा दिवसांत सहाव्या दिवशी गाईचा दर लिटरला एक रुपयाने उतरला होता. हा सभासद पाळीला साडेसहा लिटर घालतो, पाच दिवसांच्या दहा पाळ्या, ६५ लिटर. आमच्या दरपत्रकाला लागू तारीखच नाही, नवा दर आला की जुन्यावर लिहिला जातो, त्यामुळे काढलेला दर म्हणजे आजचा दर, आणि पहिल्या पाच दिवसांचं दूधही उतरलेल्या भावाने मोजलं गेलं.

जुनियर म्हणाला मग दरपत्रकाला तारीख लावू, प्रश्न मिटला. मी पण अर्धी तयार होते. तरी अण्णांना फोन लावला, ते म्हणाले, "अवो मॅडम, पावतीवर दर छापून दिलाय न्हवं माणसाला? मग तो दर. पत्रक मागनं चुकलं, दुरुस्त केलं, काय पण झालं तरी पावती पालटत न्हाई. पासष्ट रुपयांला लोक पाटे सहाला दारात उभी ऱ्हात्यात."

म्हणजे ते डुप्लिकेट नव्हतंच. पत्रकातला दर हा आजचा भाव आणि नोंदीतला दर हा दिलेला शब्द. आकडा एक असला तरी वस्तू दोन. तारीख लावूनसुद्धा चाललं नसतं, कारण पत्रक मागाहून दुरुस्त होऊ शकतं. रेघ पुसली, अ‍ॅट्रिब्यूट परत आणला आणि त्याचं नाव दर बदलून पावतीदर केलं. आता कुणी तो काढायला जाणार नाही. बाराही बिलं परत लावली, १० आणि २.

पूर्ण दिवस जाऊन फलित काय तर एका अ‍ॅट्रिब्यूटचं नाव बदललं. आणि मला विचाराल तर महिन्याभरातला सगळ्यात कामाचा बदल हाच ठरेल.

सोमवार, १६ जून

वारशाचं झाड छाटलं, म्हणजे वर मूळ क्लास आणि खाली त्याचे गुण घेणारे उपक्लास.

मूळ असं होतं, दूधनोंद वर, तिच्याखाली गायदूधनोंद आणि म्हैसदूधनोंद, आणि त्या प्रत्येकीखाली सकाळ आणि संध्याकाळ. चार पानं. कुणीतरी मध्येच मिक्स दूध घातलं होतं, म्हणजे सहा. उद्या शेळीचं दूध आलं की आठ. दोन वेगळे प्रश्न, जनावर कुठलं आणि पाळी कुठली, एकाच झाडात कोंबले की हेच होणार, गुणाकार.

पाळीवाले उपक्लास उघडून बघितले तर फरक फक्त संकलन बंद व्हायच्या वेळेचा. नुसत्या वेळेसाठी वारसा म्हणजे वांग्याच्या भरतासाठी चूल बांधण्यासारखं. पाळी ही एन्युमरेशन, म्हणजे ठरावीक पर्यायांची यादी, केली, वेळ संस्थेच्या सेटिंगमध्ये गेली. जनावराचा फरक मात्र खरा आहे, दरपत्रक वेगळं, पायाभूत फॅट एसएनएफ वेगळं, म्हशीला ६.० आणि ९.०. तरीही नोंद ही नोंदच असते, वागणूक बदलते ती दराची. म्हणून नोंदीला एक दूधप्रकार जोडला आणि दर काढायचं काम त्याच्याकडे. तीन पातळ्यांच्या झाडाचा एक क्लास, एक एन्युमरेशन आणि एक जोड.

बार्बरा लिस्कोव्ह यांचा नियम इथे उपयोगी पडला, उपक्लास मूळ क्लासच्या जागी ठेवला तर वापरणाऱ्याला धक्का बसता कामा नये. आमचा संध्याकाळचा उपक्लास सकाळी सातला नोंद घ्यायला गेलं की एरर देत होता. धक्काच की.

बारा बिलं, १० आणि २.

तसाच दुसरा मोह जुनियरला झाला. सभासद, कर्मचारी आणि टेम्पोवाला, तिघांनाही नाव मोबाईल पत्ता बँक खातं. वर व्यक्ती नावाचा बाप क्लास काढू म्हणाला. पण अण्णांच्या गावात टेम्पोवाल्याच्याच गोठ्यात चार म्हशी आहेत, तो सभासद पण आहे. एक ऑब्जेक्ट दोन पोरांच्या क्लासचा कसा होणार? मग तीच व्यक्ती दोनदा भरणार आणि मोबाईल बदलला की एकीकडेच बदलणार. त्यापेक्षा व्यक्ती ही स्वतंत्र आणि बाकीच्या तिच्या भूमिका. खातं पण वेगळं काढलं, पण ते सभासदाच्या नावाचंच असलं पाहिजे ही जुनी अट तशीच ठेवली, नाहीतर नववं बिल आत्ताच हिरवं झालं असतं.

बुधवार, १८ जून

पाऊस, लाईट तीनदा गेली, काम थोडंच.

कटकट अशी की प्लांटयूएमएल हे चित्र काढतं, त्याला अर्थ कळत नाही. क्लास डायग्राममध्ये ऑपरेशन एका क्लासमधून दुसऱ्यात हलवलं तरी सीक्वेन्स डायग्राममध्ये (कोण कुणाला कुठल्या क्रमाने काम सांगतं त्याचं चित्र) मेसेज अजून जुन्याच क्लासच्या उभ्या रेघेला, लाईफलाईनला, जातोय, आणि ते गपगुमान छान चित्र काढून देतं. मोठ्या टूलमध्ये मेसेज आणि ऑपरेशन आतून एकच असतात, एक हलवलं की दुसरं लगेच बोंब मारतं. आम्ही पायथनची ऐंशी-नव्वद ओळींची स्क्रिप्ट लिहिली, सगळ्या सीक्वेन्स फाइलींमधले मेसेज गोळा करते आणि त्या त्या क्लासमध्ये तसं ऑपरेशन आहे का बघते. पहिल्याच रनला २३ अनाथ मेसेज. त्यातले १४ आमच्या या महिन्याच्या बदलांमुळे, बाकीचे दोन वर्षांपासून तसेच पडलेले.

शुक्रवार, २० जून

डेअरीमॅनेजर फोडायला जुनियरला दिला होता, काल संध्याकाळी त्याने दाखवलं. पाच क्लास केले, प्रत्येकात बारा-तेरा ऑपरेशन्स, एकदम समान वाटणी, भावाभावांत शेत वाटतात तशी. खूष होता, मेट्रिक पण काढून आणली होती. चिदंबर आणि केमेरर यांची १९९४ची सहा मापं आहेत त्यातलं क्लासच्या वजनाचं माप ६३ वरून १३ वर आलं होतं.

मी म्हणलं जोडणीचं माप काढ. कोण किती जणांवर अवलंबून आहे ते. डेअरीमॅनेजर एकटा २७ क्लासशी जोडलेला होता. नवीन पाच जण मिळून ५२ जोड्या, कारण वाटणी केली पण बांध घातले नाहीत, पाचही जण दर ऑपरेशनला एकमेकांच्या घरात. मोठा क्लास वाईट असतो हे ठीक, पण पाच छोटे क्लास जे एकमेकांशिवाय पाऊल टाकू शकत नाहीत ते त्याहून वाईट, कारण आता दोष शोधायला पाच ठिकाणी जायचं.

आणि ह्या मापांचं एक आहे, ती मुळात कोडसाठी केलीत. एकसंधपणाचं माप घ्यायचं तर कुठली मेथड कुठला अ‍ॅट्रिब्यूट वापरते ते माहीत पाहिजे, क्लास डायग्राममध्ये मेथडच्या पोटात काय ते नसतंच. म्हणजे ज्यावरून क्लास कुठे फोडायचा ते कळलं असतं तेच माप मॉडेलवर निघत नाही. जे निघतं त्याने फक्त कुठे दुखतंय ते कळतं, का दुखतंय ते नाही.

मग कसा फोडला? ६३ ऑपरेशन्सच्या चिठ्ठ्या केल्या आणि अण्णांना व्हिडिओ कॉलवर एकच विचारत गेलो, हे काम तुमच्याकडे कोण करतं आणि कधी. पाळीला टेस्टर करतो, दहा दिवसांनी क्लार्क करतो, मागेल तेव्हा पशुखाद्यवाला करतो, वर्षातून एकदा अण्णा स्वतः. ढीग आपोआप पडले, आणि समान नाहीत. सकाळ-संध्याकाळच्या ढिगात ९, बिलाच्या ढिगात २४, वार्षिकात फक्त ४. उरलेल्या २६ पैकी पशुखाद्य आणि उचलीच्या १७, आणि ९ अशा की अण्णा म्हणाले हे कुणीच करत नाही. जोड्या ५२ च्या ३१ झाल्या.

त्या ९ लगेच उडवल्या नाहीत. बारा बिलांत कुठेच लागत नाहीत एवढं बघितलं आणि वेगळ्या पॅकेजमध्ये अडगळ नावाने ठेवल्या. दिवाळीला दूध फरक वाटतात तेव्हा एखादी लागायची.

मंगळवार, २४ जून

पॅकेजची फेरी तोडली. हिशेबाला संकलन का लागतं शोधलं तर एकाच कारणासाठी, उचल किती द्यायची ती मर्यादा सभासदाच्या सरासरी दुधावर ठरते. हिशेब पॅकेजमध्ये उचलमर्यादा हा इंटरफेस ठेवला, त्याचा अंमल संकलनात. बाण उलटला, फेरी तुटली. वीस मिनिटांचं काम, ३ आठवडे टाळत होते.

शुक्रवार, २७ जून

बिलाची स्टेट मशीन, म्हणजे बिल कुठल्या अवस्थेतून कुठल्या अवस्थेत जातं ते. यावर जरा जास्त वेळ गेला पण जाऊ दे.

बिलाला चार बुलियन, म्हणजे हो-नाहीच्या खुणा, होते, तयार, मंजूर, जमा, रद्द. चार बुलियन म्हणजे १६ जोड्या, आणि जमाही झालंय आणि रद्दही आहे असलं बिल मॉडेलला बिनधास्त चालत होतं. प्रत्यक्षात अवस्था पाचच, कच्चं, तयार, मंजूर, जमा, रद्द. बुलियन काढले, स्टेट डायग्राम काढला. तिथपर्यंत सोपं.

आता कच्चं, तयार आणि मंजूर, तिन्हींपासून रद्दकडे बाण. २००१ साली टोरांटोच्या यूएमएल परिषदेत सुन्ये, पोले, ल त्राओं आणि झेझेकेल यांचा यूएमएल मॉडेलच्या रिफॅक्टरिंगवर पेपर होता, त्यात ही युक्ती आहे, अवस्था एका मोठ्या अवस्थेत गुंडाळायच्या आणि सारखे बाहेर जाणारे बाण मिळून एकच बाण मोठीच्या काठावरून काढायचा. तिघींना चालू नावाच्या अवस्थेत टाकलं, तीन बाणांचा एक केला. सुटसुटीत.

पाचव्या बिलाने पकडलं. मंजूर झालेलं बिल रद्द केलं होतं, आणि त्या सभासदाची ८०० रुपयांची उचल कापली गेलेली, रद्द करताना ती परत त्याच्या नावावर लावायची असते. मंजूर ते रद्द या बाणावर ती कृती होती, उरलेल्या दोन बाणांवर नव्हती, कारण मंजुरीपर्यंत उचल कापतच नाहीत. मी बाण सारखे समजले ते फक्त टोकं सारखी होती म्हणून. बाण सारखे म्हणजे घटना, अट आणि कृती, तिन्ही सारख्या.

जुनियरने सुचवलं की कृती मंजूर अवस्थेतून बाहेर पडतानाची म्हणून ठेवू, मग बाण सारखे होतील. चांगलं डोकं चालवलं, पण मंजूरमधून जमाकडेही बाहेर पडतात, मग पैसे देतानाही उचल परत नावावर लागली असती आणि संस्थेचं दिवाळं. शेवटी फक्त कच्चं आणि तयार गुंडाळले, मंजूर बाहेर ठेवलं. दोन बाण दिसतात, दिसू देत.

सोमवार, ३० जून

नावं. रेटचार्ट आणि दरपत्रक असे दोन क्लास, दोन वेगळ्या माणसांनी काढलेले. गुरुवारी १२ तारखेला जे झालं त्यानंतर मी डुप्लिकेट हा शब्द उच्चारायलाही घाबरते, म्हणून आधी विचारलं. एक निघाला संघ संस्थेला देतो तो दर आणि दुसरा संस्था उत्पादकाला देते तो. एकाचं संघदर केलं, दुसऱ्याचं संस्थादर. दोन शब्द बदलले, बस.

शुक्रवार, ४ जुलै

आज अण्णा स्वतः ऑफिसला आले, तालुक्याला काम होतं. एका ए थ्रीऐवजी आता पाच ए फोर, पॅकेजगणिक एक. मॉडेलच्या दर्जाबद्दल १९९४ साली लिंडलँड, सिंद्रे आणि सोल्व्हबर्ग यांनी एक मांडणी केली होती, व्याकरण बरोबर आहे का, विषयाला धरून आहे का, आणि बघणाऱ्याला कळतं का, असं तीन बाजूंनी बघा. व्याकरण स्क्रिप्ट बघते, विषय बारा बिलं बघतात, तिसऱ्यासाठी अण्णा. चौकोन म्हणजे वस्तू आणि रेघ म्हणजे संबंध, एवढंच सांगून कागद त्यांच्या हातात दिले आणि मी गप्प बसले, ते अवघड गेलं.

चष्मा लावून, बोट ठेवून, संकलनाचा कागद त्यांनी वाचला. सभासद, नोंद, चाचणी, पावतीदर. पावतीदरावर बोट थांबलं, मान हलवली. मग परत मागे नोंदीकडे गेले आणि म्हणाले, "आणि नासकं दूध कुठाय?"

म्हणजे?

"माणूस दूध घेऊन आला, घातलं, चाचणीला लावलं तर नासकं. परत दिलं. त्याची नोंद करायला लागती, न्हाईतर उद्या म्हणतो मी आलोच होतो, माझं लिवलं न्हाई."

जुनियरने माझ्याकडे बघितलं. आमच्या मॉडेलमध्ये नोंद म्हणजे घेतलेलं दूध, न घेतलेल्या दुधाला जागाच नाही, जुन्या मॉडेलमध्येही नव्हती आणि जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ते अण्णा शून्य लिटरची नोंद करून भागवतात. गेल्या महिन्यात त्या ४१ क्लासच्या कागदावर त्यांना हे दिसलं नसतं, मलाही नाही.

बदल यादीत ९ नंबरला टाकलं, चौथ्या आणि नवव्या बिलाच्या खाली. आवरणे ब्रँच संध्याकाळी मर्ज केली, क्लास ४१ चे ४४ झालेत, १० हिरवी २ लाल. सोमवारी बदल ब्रँच उघडायची, आधी चौथं बिल.